बांदा नेइरा की सांपेला? लांबच्या बेटावर सहा महिने राहायचं म्हणणाऱ्यांसाठी

हल्ली दर महिन्याला कोणीतरी मेसेज करतं की काम रिमोट आहे, बालीत फार गर्दी झालीये, आता इंडोनेशियातल्या एखाद्या खऱ्याखुऱ्या लांबच्या गावात सहा महिने राहायचंय, कुठे जाऊ. मी दोन ठिकाणी राहिलेय, एकात जास्त आणि एकात कमी, त्यामुळे तेवढ्याबद्दलच बोलते. पहिलं बांदा नेइरा (सावंतवाडीजवळचा बांदा नव्हे हो, हा पूर्व इंडोनेशियातल्या मालुकू बेटांमधला, जायफळवाला). दुसरं सांपेला, सुलावेसी बेटाच्या आग्नेयेला वाकाटोबी बेटं आहेत, त्यातल्या कालेदुपासमोर चक्क समुद्रात खांबांवर उभं असलेलं, पिढ्यान्पिढ्या समुद्रावरच जगणाऱ्या बाजो लोकांचं गाव.

फोटो बघून ठरवायचं असेल तर सांपेलाच निवडाल, मीही तेच केलं असतं. पण अशा गावात सगळं ठरवते ती बोट. नेइराला मालुकूची राजधानी अंबोनहून सरकारी पेलनी कंपनीचं मोठं जहाज जातं, रात्रभराचा प्रवास, आणि दोन जहाजांच्या मध्ये कधी कधी दहा-बारा दिवस जातात. सीझनमध्ये फास्ट बोट असते, साधारण सहा तासांत पोचवते, पण समुद्र खवळला की बंद, आणि जून ते ऑगस्टमध्ये तो खवळतोच. छोटं विमान आहे म्हणतात, आहेही, पण त्याच्यावर प्लॅन करू नका. जहाज येतं तेव्हा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात, अर्ध गाव धक्क्यावर असतं, बायका तळलेले मासे आणि भाताच्या पुड्या विकायला चढतात, हमाल गाद्या आणि फ्रीज उतरवतात, अन् तासा-दोन तासांत भोंगा वाजला की सगळं परत सामसूम. पुढचे चार दिवस दुकानात कांदे मिळतात, नंतर नाही.

सांपेलाला दोन टप्प्यांत जायचं. सुलावेसीवरच्या केंडारी किंवा मकासर शहरातून आधी वाकाटोबीतल्या वांगी-वांगी बेटाला, तिथून स्पीडबोटीने कालेदुपा, मग होडी. कागदावर हे सोपं दिसतं कारण वांगी-वांगीला विमानतळ आहे, पण फ्लाइट रद्द झाली की केंडारीची लाकडी रात्रबोट, आणि त्या बोटीत एकदा झोपलं की माणूस कोकणातल्या एसटीला नावं ठेवायचं सोडतो.

आता लॅपटॉपवाल्यांसाठी, हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. नेइरा आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, वाकाटोबी अडीच तास. म्हणजे भारतातली दहा ते सात ड्यूटी नेइरात दीड ते रात्री साडेदहा. सकाळ पूर्ण मोकळी, पोहा, डोंगर चढा, मग कामाला बसा, मला हे फार आवडलं. नेट नेइरात चालतं, संध्याकाळी सगळं गाव व्हिडिओ बघायला लागलं की रडतं. 2024 च्या मे महिन्यात इंडोनेशियात स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारं नेट, सुरू झालं तेव्हापासून लांबच्या बेटांनाही एक पर्याय मिळालाय, पण सांपेलात रोजच्या कॉलवर पोट असेल तर मी तरी जाणार नाही.

बाकीचं पटापट.
पाणी: नेइरात विहिरी आणि पावसाच्या टाक्या. सांपेलाच्या चारी बाजूंनी पाणी आणि प्यायचं एक थेंब नाही, ते कालेदुपाहून येतं. पिवळे कॅन भरलेली होडी वल्हवत येणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी बघितल्यावर मी केस धुवायचे दिवस कमी केले.
जेवण: नेइरात जायफळाच्या फळाची आंबट मासे-आमटी आणि केनारी बदामाच्या सॉसमधलं वांगं, दोन्ही भारी. सांपेलात मासे आणि कासोआमी, म्हणजे कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) किसून वाफवलेला शंकूच्या आकाराचा गोळा. व्हेज लोकांनी नेइरातच जा, तिथे निदान सोयाबीनचं टोफू-टेम्पे मिळतं.
दवाखाना: सरकारी आरोग्य केंद्र दोन्हीकडे जवळपास आहे, मोठं काही झालं तर एकीकडून अंबोन, दुसरीकडून वांगी-वांगी किंवा त्याच्याही पुढे. म्हणजे परत बोट.
पैसे: रोख न्या. नेइरात एटीएम आहे, ते चालू असतं तेव्हा चालू असतं.

ज्यांच्या डोक्यात "तिकडेच काहीतरी सुरू करू" असं आहे त्यांनी गावातली पोरं काय करतायत ते आधी बघावं. नेइराचं पोट जायफळ, मासे आणि थोड्या पर्यटनावर चालतं. 1621 मध्ये डचांनी इथली माणसं मारून, हाकलून बेटं ताब्यात घेतली, शेजारचं रुन बेट 1667 च्या ब्रेडा तहात इंग्रजांनी सोडलं आणि डचांनी मॅनहॅटनवरचा हक्क, हे सगळे गाइड सांगतात. मला त्यापेक्षा बाग आवडली. वर केनारीची उंच झाडं, त्यांच्या सावलीत जायफळं, आणि फळ तोडायला लांब बांबूच्या टोकाला छोटी टोपली, तिला गाई-गाई म्हणतात. आपल्याकडचा आंब्याचा झेलाच की तो! फळ उकललं की आत काळ्या बीवर लालभडक जायपत्री. पण झाडाला फळ धरायला सातेक वर्षं लागतात, भाव व्यापारी ठरवतो, आणि मी जिच्या घरी राहिले त्या आजींची दोन्ही मुलं अंबोनला होती, एक शिक्षक, एक बंदरात. सुट्टीत मात्र येतात, घराला रंग देतात, खोल्या भाड्याने देतात. म्हणजे गाव रिकामं होतंय पण तुटत नाहीये.

सांपेलात रोकडा पैसा सागरी शेवाळाचा. दोरीला तुकडे बांधून समुद्रात सोडायचे, साधारण 45 दिवसांत काढायचे, घरापुढच्या फळ्यांवर वाळवायचे. ऐकायला झकास. पण पाणी गरम झालं की आइस-आइस नावाचा रोग येतो, फांद्या पांढऱ्या पडतात आणि तुटून वाहून जातात, आणि भाव पडला की वर्ष गेलं. वाकाटोबी 1996 पासून नॅशनल पार्क आहे, त्यामुळे मासेमारीवर झोनचे नियम, आणि स्वतःची जमीन नाही म्हटल्यावर शेतीचा प्रश्नच नाही. त्या भागातली बरीच पोरं कामाला मलेशियाला जातात.

सरकारचा पैसा येतच नाही असं नाही हां. 2014 च्या गाव कायद्यानंतर, 2015 पासून केंद्राचा दाना देसा निधी गावाच्या खात्यात येतो, त्यातून रस्ते, टाक्या, धक्के होतात. गाव राहण्यासारखं होतं, नोकरी त्यातून तयार होते असं मला तरी दिसलं नाही.

आणि तुमचं स्वतःचं? परदेशी माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, कोणी "माझ्या नावावर घेऊ" म्हटलं तर हसून चहा प्या आणि निघा. भारतीयांना 30 दिवसांचा व्हिसा ऑन अरायव्हल 5 लाख इंडोनेशियन रुपियाला मिळतो, एकदाच वाढतो, म्हणजे साठ दिवस, आणि वाढवायला इमिग्रेशन ऑफिसात स्वतः जावं लागलं तर परत अंबोनची बोट आलीच. रिमोट कामासाठी वेगळा व्हिसा आहे पण त्याला वर्षाला 60,000 डॉलरची कमाई दाखवावी लागते. सहा महिने म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा प्लॅन इथेच दोन महिन्यांचा होतो.

माझं म्हणाल तर, काम चालू ठेवून राहायचं असेल तर नेइरा, सप्टेंबर-ऑक्टोबर धरून, समुद्र शांत आणि पाणी काचेसारखं. सांपेला बघायलाच हवं, पण आठवडाभर, तेही कालेदुपावर खोली घेऊन. गावात राहिलात तर तुमच्या अंघोळीचं पाणी कोणाचं तरी पोरगं वल्हवत आणणार.

बुकिंगआधी पेलनीच्या पुढच्या महिन्याच्या तारखा बघा, आणि परतीच्या विमानाआधी अंबोनमध्ये चार दिवस मोकळे ठेवा. मी दोनच ठेवले होते, जहाज तिसऱ्या दिवशी आलं.