ग्रीन डेचा ‘डूकी’: काही महिने रोज ऐकल्यानंतर

मार्च 2025 मध्ये ग्रीन डे हा अमेरिकन पंक-रॉक बँड लोलापलूझा या संगीत महोत्सवासाठी पहिल्यांदाच मुंबईत आला, महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेला, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या फोनमध्ये त्यांचा 1994 मधला अल्बम ‘डूकी’ परत आला. माझ्याकडे तो मुक्कामालाच राहिला. लोकलमध्ये इअरफोनवर, रविवारी घरच्या स्पीकरवर आणि संध्याकाळी बेस गिटारच्या रियाजाला, असा तिन्ही प्रकारे तो वापरून झाला. सुरुवातीचं माझं मत आणि आजचं मत यांत बराच फरक पडलाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवातीला कानात राहतात ती गिटार आणि बिली जो आर्मस्ट्राँगचा तो किंचित नाकातला आवाज. गाणी छोटी, चाली लगेच तोंडात बसणाऱ्या. चौदा गाणी, शेवटी दडवलेलं एक छोटं गाणं धरूनही सगळा मामला चाळीस मिनिटांच्या आत आटपतो. असं संगीत लवकर चोथा होतं, असा आपला अनुभव असतो. इथे तसं झालं नाही, आणि माझ्या मते त्याचं श्रेय माइक डर्न्टच्या बेसला आहे.

‘लाँगव्ह्यू’ घ्या. सुरुवात ट्रे कूलच्या ड्रम्सनं, मग बेसची ती प्रसिद्ध ओळ. कडव्यात गिटार जवळजवळ नाहीच. गाणं बेस, ड्रम्स आणि आवाज एवढ्यावर उभं आहे. ही ओळ सरळ पावलं टाकत नाही, डुलत चालते. मी ती वाजवायला घेतली तेव्हा सूर पटकन सापडले, पण डुलणं काही केल्या जमेना. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करत ताल देणारं यंत्र, लावला की ओळ ताठ व्हायची. शेवटी मेट्रोनोम बंद करून फक्त ट्रे कूलच्या ड्रम्सवर कान ठेवून वाजवलं, तेव्हा कुठे बोटं सैल पडली. मग कोरसला गिटार धाडकन येते. तिचा दणका एवढा का बसतो, तर आधी ती नव्हती म्हणून. ‘शी’मध्येही सुरुवातीला बेस आणि ड्रम्सवरच गाणं चालतं, पण परिणाम वेगळा, जास्त हळवा. आणि ‘व्हेन आय कम अराउंड’मध्ये गिटार एकच चाल धरून बसते, तेव्हा मधल्या जागा बेस किती समजून भरतो ते ऐका. फोनच्या स्पीकरवर यातलं काहीच कळणार नाही. साधे तारवाले इअरफोनही पुरतात, पण बेस ऐकू यायलाच हवा.

वाजवणाऱ्यांसाठी एक सूचना: गिटार आणि बेस अर्धा सूर खाली लावलेले आहेत. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सोबत वाजवायला गेलात तर सगळं बेसूर लागेल. तारा उतरवा, मग बसा.

आता हा अल्बम कसा तयार झाला त्याबद्दल, कारण ते कळल्यावर माझं ऐकणं बदललं. 1993 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या फँटसी स्टुडिओत, निर्माता रॉब कॅव्हालोसोबत, साधारण तीन आठवड्यांत ध्वनिमुद्रण झालं. एवढ्यावर सोडून दिलं असतं तर वेगळाच अल्बम हातात आला असता. पहिलं मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवणं, बँडला पसंत पडलं नाही. त्यांना कोरडा आवाज हवा होता. म्हणून सगळं पुन्हा मिक्स झालं, आणि त्या कामात जेरी फिन आला. हाच फिन पुढे ब्लिंक-182 या बँडच्या 1999 मधल्या ‘एनिमा ऑफ द स्टेट’ या अल्बमचा निर्माता झाला. पॉप-पंक म्हटलं की जो स्वच्छ पण टणक आवाज डोक्यात येतो, त्यात या माणसाच्या कानाचा वाटा फार मोठा आहे.

कोरडा म्हणजे काय, ते ‘बास्केट केस’च्या पहिल्या कडव्यात कळतं. फक्त दाबून वाजवलेली गिटार आणि आवाज. मागे घुमणारी पोकळी नाही. माणूस समोरच्या खुर्चीत बसून बोलतोय इतका जवळ. हे गाणं आर्मस्ट्राँगनं आपल्या घाबरेपणाच्या झटक्यांवर लिहिलं; पॅनिक डिसऑर्डरचं निदान नंतर झालं. मलाही छातीत धडधडण्याचा हा त्रास आहे. गर्दीच्या डब्यात तो सुरू झाला की शांत, संथ संगीताचा मला उपयोग होत नाही, या गाण्याचा होतो. आतली धावपळ त्यात जशीच्या तशी आहे, आणि तरी ताल एकदाही सुटत नाही. उपचार आपल्या जागी, ते सोडू नयेत. पण या अल्बमबद्दलची माझी माया इथून आली आहे, हे सांगायलाच हवं.

मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे गेल्यावर ग्रीन डेवर ‘हे विकले गेले’ असा आरोप झाला, तो मला पटत नाही. बँड बर्कलीच्या 924 गिलमन स्ट्रीट या स्वयंसेवकांनी चालवलेल्या जागेत वाढला. मोठ्या कंपन्यांच्या बँडना तिथे मनाई होती, त्यामुळे ‘रिप्राइज’ या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार होताच त्यांनाही दार बंद झालं. गिलमनचा नियम मी समजू शकते. तो नसता तर ती जागा टिकली नसती. मे 2015 मध्ये बँड तिथे पुन्हा वाजवूनही आला. पण संगीत बाटलं का, हे तपासायला ‘वेलकम टू पॅरडाइस’ आहे. ते आधी ‘लुकआउट’ या छोट्या कंपनीनं काढलेल्या ‘करप्लंक’ या त्यांच्या आधीच्या अल्बमवर आलं आणि इथे पुन्हा ध्वनिमुद्रित झालं. दोन्ही लागोपाठ लावा. गाणं तेच, घर सोडून पडक्या वस्तीत राहायला गेलेल्या पोराचं. मधला तो बेसचा काळोखा, लांबलेला भाग दोन्हीकडे आहे. रेडिओसाठी तो सहज कापता आला असता. कापला नाही. सुधारलंय ते फक्त ऐकू येणं.

लोकांनी काय केलं ते जगजाहीर आहे. 1 फेब्रुवारी 1994 ला अल्बम आला, एमटीव्हीनं उचलला, ऑगस्टमध्ये वुडस्टॉक महोत्सवात प्रेक्षकांशी खरोखरची चिखलफेक झाली, 1995 मध्ये ग्रॅमी मिळालं, 1999 पर्यंत अमेरिकेत एक कोटी प्रतींचा टप्पा झाला. 2024 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल रेकॉर्डिंग रजिस्ट्रीतही नोंद झाली.

उणिवा आहेत. ‘सॅसाफ्रास रूट्स’ मला अजून अर्धवट वाटतं, आणि ‘इन द एंड’ सुरू होतं न होतं तोच संपतं, मागे काही राहत नाही. शेवटच्या ‘एफ.ओ.डी.’नंतर सव्वा मिनिटाची शांतता आणि मग ट्रे कूलचं ते गंमतगाणं. एकदा ऐकायला ठीक, रोजच्या ऐकण्यात मी ते वगळते. उलट ‘कमिंग क्लीन’कडे आधी लक्षच गेलं नव्हतं. दीड मिनिटाच्या आसपासचं गाणं, सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःची लैंगिकता उमगण्याबद्दल, तेही 1994 मध्ये. आता ते माझ्या पहिल्या तिनात आहे.

कुठली आवृत्ती घ्यावी? नुसतं ऐकायचं असेल तर मूळ अल्बम भरपूर झाला. वाजवत असाल, गाणी लिहीत असाल, तर 2023 ची तिसाव्या वर्षाची आवृत्ती शोधा. त्यात घरगुती चार-ट्रॅक रेकॉर्डरवरचे आणि कॅसेटवरचे डेमो, म्हणजे स्टुडिओत जाण्याआधीची कच्ची ध्वनिमुद्रणं, आहेत. डेमोत गाणी बऱ्याच अंशी तयार दिसतात, मग स्टुडिओत नेमकं काय वाढलं ते कानाला थेट कळतं. ‘बास्केट केस’चा डेमो आधी लावा, त्याचे शब्द चक्क वेगळे आहेत.