खान्देश फिरायचाय: मोटरहोम की साधी गाडी आणि शेतातला मुक्काम?

सोबत आजी आणि लहान पोरं असली की मोटरहोमचा मोह पडतोच. संडास गाडीतच, वाटेल तिथे चहा, बॅगांची उचलठेव नाही. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम बघायचा आणि गाडीतच जेवायचं, इथवर झकास. दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तर स्वतःची खोली सोबत असणं म्हणजे चैनच.

पण रावेर-यावलच्या केळीबागांकडे वळलात की हे धूड अडतं. शिवाररस्ता बैलगाडी-ट्रॅक्टरच्या मापाचा, वर लोंबलेल्या विजेच्या तारा, आणि समोरून केळीने भरलेला ट्रक आला तर मागे कुणी घ्यायचं? तोरणमाळच्या घाटाचं नावच नको. शिवाय एसी रात्रभर चालवायला बाहेरची वीज हवी, आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायची सोय आपल्याकडे सहसा नसतेच.

साधी गाडी भाड्याने घेऊन शेतात मुक्काम केलात, तर हिवाळ्यात भरीत पार्टी पदरात पडते. भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सालं काढून लाकडी बडगीत ठेचायची, वर मिरची-लसणाची फोडणी आणि कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. हाताचा धुराचा वास दुसऱ्या दिवशीही जात नाही. मोटरहोमच्या शेगडीवर हे होणे नाही.

माझं मत अर्थातच शेताला. आजींना कमोडच लागत असेल तर मात्र आधी फोन करून विचारा. आणि काहीही ठरवलंत तरी मे महिना टाळा, पारा 45 च्या आसपास जातो.