सोऊमिन प्रकृतीला नाश्त्याला काय बरं, ओट्स की छाप्सालजुक (चिकट तांदळाची कोरियन पेज)?

कोरियात हानुइवॉनमध्ये, म्हणजे पारंपरिक कोरियन वैद्यकाच्या दवाखान्यात, जाऊन आलात आणि डॉक्टरांनी प्रकृती सांगितली की घरी आल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो, सकाळचे ओट्स चालू ठेवायचे का बंद करायचे. मी दोन्ही बरेच महिने खाऊन बघितलंय म्हणून लिहितोय.

कोरियन वैद्य ई जे-मा यांनी 1894 च्या सुमारास मांडलेल्या या सासांग नावाच्या पद्धतीत चारच प्रकृती, तेऊमिन, सोयांगिन, तेयांगिन आणि सोऊमिन, आणि आपल्या वात-पित्तासारखी मिसळ नाही, एका माणसाची एकच, तीही जन्मभर. तेऊमिन म्हणजे यकृत दणकट, खाल्लेलं लगेच अंगाला लागणारी माणसं, त्यांना ओट्स मस्त मानवत असावेत, माझा रूममेट त्यातलाच, त्याचं पोट भरतं, साफ होतं, वजनही आटोक्यात राहतं. सोयांगिनच्या पोटात आधीच उष्णता, त्यांना गार दुधातलेही चालून जातात. तेयांगिन फार कमी सापडतात, ते सोडून देऊ.

मी सोऊमिन, म्हणजे पचन मुळातच मंद आणि गारव्याला नाजूक. फ्रिजमधले ओव्हरनाईट ओट्स खाऊन निघालो की सबवेत बसेपर्यंत पोट डब्ब, पँटचं बटण काचतंय, बोटं गार पडलेली, आणि दुपारी ऑफिसातले सगळे जेवायला उठले तरी मला भूकच नाही! चव, किंमत, सोय सगळं ओट्सच्या बाजूनं होतं, पण हे रोजचं फुगणं काही सहन होईना. गरम शिजवून बघितले, फरक पडला, पण जडपणा राहिलाच, शंभर ग्रॅममध्ये दहाएक ग्रॅम फायबर असतं, मंद पोटाला ते झेपायला वेळ लागतो.

छाप्सालजुक आपल्या आटवलासारखी मऊ. तांदूळ रात्री भिजवायचे, सकाळी ढवळत उभं राहायचं, हा वैताग आहेच. पण त्यात आलं आणि दोनतीन देचू, म्हणजे वाळवलेली लाल बोरं, टाकली की पोटात ऊब धरते आणि बारा वाजता कडकडून भूक लागते, मला एवढं पुरतं.

अर्थात शुगर असेल तर चिकट तांदूळ जपूनच, तो साखर पटकन वाढवतो, आणि कोलेस्टेरॉलसाठी ओट्सच चांगले, त्यातलं बीटा-ग्लुकन नावाचं फायबर खरंच काम करतं. अशांनी ओट्स सोडू नका, फक्त पाण्यात नीट शिजवा, आलं-दालचिनी घाला, सुरुवातीला अर्धी वाटीच घ्या आणि फ्रिजचं दूध वरून ओतू नका.