‘मावसभाऊ राहील काकू, तुम्ही काळजी करू नका’

२०२४ चा सप्टेंबर संपत आला होता, पितृपंधरवडा चालू होता. दुपारी भाडेकरूचा फोन आला. "काकू, जरा बोलायचं होतं. आत्ता वेळ आहे का?"

मी कराडला राहते. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. वाकडचा दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट ह्यांच्या फंडाच्या पैशातून घेतलेला. ते गेल्यावर माझी पेन्शन आणि त्या फ्लॅटचं भाडं, यावरच घर चालतं. हा मुलगा जूनमध्ये राहायला आला होता. हिंजवडीत नोकरी, बोलायला अदबशीर, भाडं पाच तारखेच्या आत. महिना २४ हजार भाडं, ७५ हजार डिपॉझिट, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आणि त्यात सहा महिन्यांचं लॉक-इन, म्हणजे तेवढे महिने घर सोडायचं नाही अशी अट. करार रीतसर नोंदवलेला होता. पोलीस व्हेरिफिकेशनही ऑनलाइन केलं होतं. म्हणजे सुरुवातीला मी काही कमी ठेवलं नव्हतं.

त्याचं म्हणणं असं की कंपनीने हैदराबादला बदली केली आहे, दहा दिवसांत हजर व्हायचं आहे. लॉक-इन संपायला दोन महिने बाकी होते. मी तसं म्हटल्यावर तो लगेच म्हणाला, "बरोबर आहे काकू, तुमचं नुकसान मी होऊ देणार नाही. माझा मावसभाऊ चाकणला कंपनीत आहे, बायको आणि दोन मुलं. तेच राहतील. भाडं दर महिन्याला मीच पाठवीन. ते तुम्हाला नवं डिपॉझिट देतील, ते आलं की माझं मला परत करा. तिकडे घर घ्यायला लागेल."

मला ते सरळ वाटलं. फ्लॅट एक दिवसही रिकामा राहणार नव्हता, एजंटला पुन्हा पैसे द्यायला लागणार नव्हते. खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. जूनमध्ये करार करायला एजंटचा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला होता. वयामुळे माझ्या अंगठ्यावरच्या रेषा पुसट झाल्यात. मशीन काही केल्या अंगठा घेईना. साबणाने हात धुऊन झाले, टॉवेलने घासून झालं, दुसरा हात झाला, पाऊण तास गेला. नवा करार म्हटल्यावर मला पहिला तो पाऊण तास आठवला, आणि मी म्हटलं, ‘जाऊ दे, जुना करार एप्रिलपर्यंत आहेच की.’ सगळं बिनसलं ते इथे.

दोन दिवसांनी माझ्या खात्यात ७५ हजार आले. पाठवणाऱ्याचं नाव अनोळखी, शेरा ‘डिपॉझिट’. लगेच याचा फोन, "मावसभावाने पाठवलेत काकू, मिळाले ना?" मी त्याच संध्याकाळी त्याचे ७५ हजार त्याला परत केले. मग त्याने माझं आधार कार्ड, लाइटबिल आणि महापालिकेच्या टॅक्स पावतीचा फोटो मागितला. म्हणे भावाला गॅस कनेक्शन घ्यायचं आहे आणि मुलांच्या शाळेत पत्त्याचा पुरावा लागतो. मी जेवणाच्या टेबलावर कागद ठेवून फोटो काढले आणि पाठवले. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘चालेल. त्यांना राहू दे.’ हे तीन-चार शब्द पुढे मला फार जड गेले.

घटस्थापनेच्या दिवशी ते कुटुंब राहायला आलं. मी गेले नाही. ऑक्टोबरचं भाडं आलं, नोव्हेंबरचं आलं. डिसेंबरचं आलं नाही. दहा तारखेपर्यंत वाट पाहिली, फोन केला तर बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. लॉक-इन ३० नोव्हेंबरला संपलं होतं आणि नेमकं त्यानंतरच भाडं थांबलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्याने मला गप्प ठेवायला लागतील तेवढेच पैसे भरले होते.

१५ डिसेंबरला सकाळच्या एसटीने निघाले आणि वाकडला उतरले. बेल वाजवली. तिशीतल्या एका बाईने दार उघडलं, हाताला पीठ लागलेलं. तिने विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, "मी या घराची मालकीण." ती क्षणभर बघत राहिली आणि एकदम हसून म्हणाली, "अगंबाई, मावशी! या ना आत. भाचा म्हणाला होता तुम्ही कधीतरी याल म्हणून."

माझा कोणी भाचा पुण्यात नाही.

आत बसल्यावर हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या लोकांचा त्या मुलाशी काही संबंध नव्हता. ऑनलाइन जाहिरात पाहून ते आले होते: ‘मालकाकडून थेट, हेवी डिपॉझिट, भाडं नाही.’ ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हेवी डिपॉझिट म्हणजे मालकाला एकदम मोठी रक्कम द्यायची, महिन्याचं भाडं द्यायचं नाही आणि घर सोडताना सगळी रक्कम परत घ्यायची. मुंबई-पुण्याकडे हे सर्रास चालतं आणि त्यात बेकायदा काही नाही. या कुटुंबाने दोन वर्षांसाठी ५ लाख रुपये दिले होते. गावाकडची थोडी जमीन विकून आलेले पैसे होते ते. मुलगा स्वतःला माझा भाचा म्हणवत होता: ‘मावशी कराडला असतात, त्यांना प्रवास झेपत नाही, व्यवहार मीच बघतो.’

मी त्या ताईंना विचारलं, एवढा विश्वास कसा ठेवलात? त्या म्हणाल्या, "आम्ही सरळ नाहीच म्हटलं होतं. मालकिणीला भेटल्याशिवाय पैसे नाही देणार म्हटलं. मग तो म्हणाला, ७५ हजार थेट मावशींच्याच खात्यात पाठवा, नाव येईल ते बघा. आम्ही नंबर टाकला तर तुमचंच नाव आलं. लाइटबिलावरही तेच नाव. मग उरलेले सव्वाचार लाख त्याच्या खात्यावर पाठवले."

हे ऐकल्यावर माझे हातपाय गार पडले. त्याच ७५ हजारांनी मला वाटलं की नवा भाडेकरू खरा आहे आणि त्यांना वाटलं की मालकीण खरी आहे. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला फोन केला नाही, कारण दोघांशी बोलणारा तो एकटाच होता.

त्यांनी करार आणून दाखवला. ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर टाइप केलेला, नोटरीचा शिक्का मारलेला. मालकाच्या जागी माझी सही होती, इंग्रजीत. मी जन्मभर मराठी शिकवलं, पेन्शनच्या कागदापासून बँकेच्या स्लिपपर्यंत सही मराठीतच करते. मागे माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स जोडलेली. तिच्या कोपऱ्यात माझ्या जेवणाच्या टेबलावरचं द्राक्षांच्या नक्षीचं प्लॅस्टिक दिसत होतं. मी काढलेलाच फोटो तो.

त्यांचे यजमान संध्याकाळी कामावरून आले. आधी ते माझ्यावरच चिडले. त्यांचंही चुकलं नाही, पैसे माझ्या खात्यात गेलेले त्यांना दिसत होते. मी मोबाइल काढून सगळे मेसेज त्यांच्यापुढे ठेवले. ते वाचून झाल्यावर ते बराच वेळ बोललेच नाहीत. थोरली मुलगी सहावीत, धाकटा तिसरीत, दोघं दाराआडून बघत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मिळून पोलिसांत गेलो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक, शिवाय खोटे कागद केल्याचं कलम, असा गुन्हा नोंदवून घ्यायला दोन खेटे घालावे लागले. त्याचं खातं गोठवलं तेव्हा त्यात जेमतेम काही शे रुपये होते. कंपनीतली नोकरी त्याने ऑगस्टमध्येच सोडली होती, हैदराबाद वगैरे काही नव्हतंच. घराच्या ताब्याबद्दल पोलीस म्हणाले, तो दिवाणी मामला आहे, वकील गाठा.

वकिलांनी मला जे सांगितलं ते प्रत्येक घरमालकाने नीट वाचावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, राहणाऱ्याची नाही. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वर वाद झाला तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकावर येतं. वकील म्हणाले, "बाई, तुमचा जुना करार पक्का आहे, पण त्या माणसाशी. या लोकांना तुम्ही स्वतः ‘राहू दे’ म्हणून लिहिलंय आणि कागद काहीच नाही." माझे मेव्हणे तावातावाने म्हणत होते की लाइट-पाणी तोडा, आपोआप जातील. वकिलांनी तिथेच थांबवलं. याच कायद्याच्या कलम २९ खाली मालकाला पाणी-वीज तोडता येत नाही, आणि तोडलं असतं तर मीच गुन्हेगार ठरले असते. कायदा नसता तरी मी ते केलं नसतं. त्या मुलांचा काय दोष होता?

मग आम्ही बसून मार्ग काढला. मुलांच्या परीक्षा होईपर्यंत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत त्यांनी राहायचं. मेंटेनन्स आणि लाइटबिल त्यांचं. माझ्याकडे आलेले ७५ हजार मुळात त्यांचेच, त्यातून डिसेंबर ते फेब्रुवारीचं भाडं वळतं करायचं. मार्च-एप्रिलचं भाडं मी सोडलं. हे सगळं नोंदणीकृत करारात घातलं, या वेळी माझ्या स्वतःच्या अंगठ्याने. माझ्या मुलाला हे पटलं नाही, तो अजून म्हणतो की मी ४८ हजार उगाच सोडले. मला तसं वाटत नाही. त्यांचे सव्वाचार लाख गेलेत, आणि माझ्या आधार कार्डाच्या जोरावर गेलेत.

भाडेकरू मुदतीआधी घर सोडतो म्हणाला की लगेच त्याच्यावर संशय घ्यावा, असं माझं म्हणणं नाही. नोकऱ्या जातात, घरी कोणी आजारी पडतं. लॉक-इनमध्ये सोडलं म्हणून उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं घशात घालायला मालकानेही बसू नये. वकील सांगत होते की करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, करारात लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. पंधरा दिवसांत नवा भाडेकरू मिळाला तर तुमचं नुकसान पंधरा दिवसांचंच आहे. तेवढं मागा आणि माणसाला मोकळं करा.

पण मोकळं करायचं म्हणजे पूर्ण मोकळं. त्याच्याकडून लेखी नोटीस घ्या, मेसेज नव्हे. ठरल्या दिवशी स्वतः जा, नाहीतर विश्वासातल्या माणसाला पाठवा. घर रिकामं झालेलं डोळ्यांनी बघा, नळ-पंखे-गिझर तपासा, सगळ्या किल्ल्या हातात घ्या आणि ‘आज ताबा परत दिला’ अशी दोघांच्या सहीची पावती करा. करार नोंदवलेला असेल तर रद्द केल्याचा लेखही करून घ्या. डिपॉझिट त्यानंतर, त्याच खोलीत बसून परत करा. मी हे सगळं उलट्या क्रमाने केलं: आधी पैसे परत, किल्ली तर माझ्या हातात आलीच नाही. त्याच्या हातात किल्ली आणि मालकिणीचे कागद दोन्ही होतं, यापेक्षा त्याला जास्त काय लागणार होतं?

तो ‘माझ्या जागी दुसरा देतो’ म्हणाला तर तो दुसरा माणूस तुमचा नवा भाडेकरू आहे. जुना करार त्याला लागू होत नाही. त्याला स्वतः फोन करा, घरी बोलवा, आणि पहिला प्रश्न हा विचारा की तुम्ही कोणाला किती पैसे दिलेत. माझ्या जूनच्या कराराची स्टँप ड्युटी ७०० रुपयांच्या आत होती, एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज यांच्या पाव टक्का. वर नोंदणी फी १ हजार. एवढ्या पैशांसाठी आणि पाऊण तासासाठी मी टाळाटाळ केली. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही मी कळवलं नव्हतं. त्यांना त्याने सांगितलं, ‘भाऊ-वहिनी आलेत राहायला’, आणि मालकिणीची हरकत नाही म्हटल्यावर त्यांनी गाडीचं स्टिकर दिलं. आता मी कोणालाही कागदाची झेरॉक्स देते ती आडवं लिहून: कशासाठी, कोणाला, कोणत्या तारखेला. अक्षर आधार नंबरापर्यंत न्यायचं म्हणजे कापता येत नाही.

हेवी डिपॉझिट देणाऱ्यांनाही एक कळकळीने सांगायचं आहे. नोटरीचा करार म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी करायची तर मालकाचा स्वतःचा अंगठा लागतो, नाहीतर त्याने दिलेलं रीतसर मुखत्यारपत्र. ‘मावशींना प्रवास झेपत नाही’ म्हणणाऱ्याला सांगा, मशीन घेऊन आम्ही मावशींकडे येतो. ते लोक कराडला आले असते तर मी चहा दिला असता आणि त्यांचे पैसे वाचले असते.

३० एप्रिलला त्या ताईंनी घर धुऊन-पुसून किल्ल्या दिल्या. ते आता एका खोलीत राहतात, तपासाच्या कामाला बोलावलं की आम्ही पोलीस ठाण्यातच भेटतो. तो मुलगा अजून सापडलेला नाही. तपास करणाऱ्या साहेबांचं म्हणणं आहे की इतक्या सफाईने केलेलं काम पहिलंच नसणार, आणखी कोणीतरी फसलेलं असेल. वाकड, हिंजवडी, ताथवडे या भागात कोणी भाचा म्हणून, पुतण्या म्हणून गावाकडच्या मालकाच्या नावाने तुमच्याकडून हेवी डिपॉझिट घेतलं असेल आणि थोडी रक्कम थेट मालकाच्या खात्यात पाठवायला लावली असेल, तर कृपा करून जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या, रक्कम लहान असली तरी द्या. आणि त्याआधी त्या मालकाला स्वतः एक फोन करा.