हर्निया समजावायला अवयवांचा ॲप्रन: घ्या, पण थोडी शिलाई करून

गळ्यात अडकवून कमरेला बांधायचा आणि वर हृदय, फुप्फुसं, यकृत, जठर, आतडी वेल्क्रोने चिकटवायची, असा कापडी ॲप्रन ऑनलाइन सहज मिळतो. शाळेतल्या धड्याला तो छान आहे. पण मुलाचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं असेल आणि त्याला ते समजावायचं असेल, तर आहे तसा ॲप्रन पुरत नाही.

हा हर्निया, म्हणजे पोटातलं आतडं खाली उतरून येणारा फुगवटा, असतो जांघेत, आणि ॲप्रनवरचं चित्र बहुतेक वेळा पोटाशीच संपतं. दुसरी अडचण लहान आतड्याची. ते म्हणजे एकच सपाट तुकडा. तो जागचा हलत नाही, त्यामुळे आतडं खाली उतरतं म्हणजे काय होतं, ते मुलाला दिसतच नाही.

दोन्हींवर उपाय सुईदोऱ्याचा आहे. मऊ सुती कापडाची साधारण 2 इंच रुंद, 4 इंच लांब पिशवी शिवा; बूड बंद, तोंड उघडं. ॲप्रनच्या खालच्या कडेला, ज्या बाजूला हर्निया असेल त्या बाजूला, पिशवीच्या तोंडाची फक्त मागची कड टाचा. चारही बाजूंनी शिवली तर पुढे दोरा बांधता येत नाही. सपाट आतडं काढून टाका आणि जुन्या लेगिंगच्या कापडाची, अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब सुरळी करा. आत कापूस सैलच भरा. ठासून भरला की सुरळी वाकत नाही.

आता ॲप्रन मुलालाच घालू द्या. सांगायचं ते एवढंच: "बाळ आईच्या पोटात असताना त्याच्या पोटातून जांघेकडे एक बारीक पिशवी उतरते. नंतर ती आपोआप मिटते. तुझी मिटायची राहिली." त्याला खोकायला सांगा आणि त्याच क्षणी आतड्याचा वेढा पिशवीत सरकवा. फुगवटा आला! झोपल्यावर तो आत जातो, तेव्हा वेढा वर घ्या. शेवटी रिकाम्या पिशवीच्या तोंडाशी दोरा घट्ट बांधा, आणि ही गाठ मुलालाच मारू द्या. मग "आता ढकलून बघ" म्हणा. आतडं तिथेच अडतं. ॲप्रनचे पैसे वसूल होतात ते इथे, कारण ऑपरेशनचं मुख्य काम हेच असतं. मोठ्यांना बसवतात तशी जाळी लहान मुलांना सहसा लागत नाही; दोष स्नायूंच्या कमजोरीचा नसून उघड्या राहिलेल्या पिशवीचा असतो.

वेल्क्रोबद्दल एक सावधगिरी. यकृत, मूत्रपिंडं चर्रकन उपटून काढायला मुलांना मजा येते, पण ऑपरेशनच्या तोंडावर 'डॉक्टर माझंही असंच काढणार' ही भीती त्यातूनच बसते. म्हणून जठर आणि आतडी सोडून बाकीचे अवयव आधीच काढून ठेवा. 'पोट फाटलंय', 'रडतोस म्हणून झालं' ही वाक्यं तर घरात कुणीच उच्चारू नयेत.

भूल आणि उपाशी राहणं या गोष्टी ॲप्रन दाखवू शकत नाही. त्या तोंडीच सांगाव्या लागतात. जेवण साधारण 6 तास आधी बंद होतं, साधं पाणी 2 तास आधी; नेमकी वेळ भूलतज्ज्ञ देतील तीच पाळा. "सुई टोचणारच नाहीत" असं वचन देऊ नका. ते मोडलं की पुढचं काहीच मूल खरं मानत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगितलं तर पुरतं, शाळकरी मुलाला आठवडाभर आधी.

खेळताना आणखी एक वाक्य हवंच: "फुगवटा दुखला की लगेच सांगायचं." फुगवटा कडक झाला, आत जाईना, मूल कळवळू लागलं किंवा उलट्या सुरू झाल्या, तर स्वतः दाबत न बसता तडक हॉस्पिटल गाठा.

बाळाच्या बेंबीच्या हर्नियासाठी मात्र हा खर्च नको. तो बहुतेकदा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो. बेंबीवर नाणं किंवा पट्टा बांधून तो लवकर मिटत नाही, उलट खालची कातडी चिघळते.