स्पीकर वाचवणारा लिमिटर कुठे लावावा: ॲम्पमध्ये की प्रोसेसरमध्ये?

गावात बांधून घेतलेले १८ इंची बेस, वर दोन टॉप आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन-चार ॲम्प. अशी सिस्टीम असलेल्या साउंडवाल्याला लिमिटर, म्हणजे सिग्नल ठरलेल्या आकड्यापुढे जाऊ न देणारी सोय, लावायची तर तीन वाटा असतात. ॲम्पच्या मागचं क्लिप लिमिटरचं (ॲम्प क्लिप होऊन, म्हणजे त्याची मर्यादा ओलांडून, आवाज फाटू न देणारं) बटण चालू ठेवून निभावायचं, मिक्सर आणि ॲम्पच्या मध्ये बसणारा वेगळा प्रोसेसर घ्यायचा, किंवा आतच डीएसपी (तसाच डिजिटल प्रोसेसर) असलेला ॲम्प घ्यायचा. किमती विचारायच्या आधी स्पीकर जातो कशाने, ते बघू.

तो दोन कारणांनी जातो. एक तर कॉईल तापून जळते, नाहीतर कोन मर्यादेबाहेर हलून फाटतो किंवा कॉईल मागे आपटते. दुसरं क्षणात होतं. पहिल्याला वेळ लागतो: टॉपच्या ड्रायव्हरची बारीक कॉईल लवकर तापते, बेसची चार इंची कॉईल जरा दम धरते. कॉईल दोनशे अंशांनी तापली की तांब्याचा रोध जवळपास पावणेदोन पट होतो. मग तेवढ्याच व्होल्टेजला आवाज पडतो आणि मिक्सरवरचा माणूस फेडर आणखी वर ढकलतो. बहुतेक बेस असेच जळतात. म्हणून लिमिटरही दोन लागतात: झटका अडवणारा पीक लिमिटर आणि सरासरीवर नजर ठेवणारा आरएमएस लिमिटर.

ॲम्पचं क्लिप लिमिटर या दोन्हींतलं एकही काम नीट करत नाही. ते ॲम्पला त्याच्या स्वतःच्या मर्यादेत ठेवतं. ५०० वॅटच्या स्पीकरवर १२०० वॅटचा ॲम्प जोडला, तर १२०० वॅट होईपर्यंत ते जागंच होणार नाही. तरी ते बंद करू नका. जनरेटरवर लोड आला की व्होल्टेज पडतं आणि ॲम्प नेहमीच्या आधीच क्लिप होऊ लागतो. बाहेरच्या प्रोसेसरला याचा पत्ता नसतो, ॲम्पला असतो. हे बटण फुकटचं आहे, कायम चालू राहू द्या. फक्त त्याच्या भरवशावर स्पीकर सोडू नका.

वेगळ्या प्रोसेसरची गोष्ट निराळी. बेस, मिड, टॉप प्रत्येकाला आपला लिमिटर मिळतो आणि आकडा स्पीकरच्या मापाने ठरवता येतो. स्पीकर ५०० वॅट एईएस (ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या चाचणीने ठरलेली पॉवर), ८ ओहम आहे असं धरा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ६३ व्होल्ट. ॲम्पचा गेन (तो सिग्नल किती वाढवतो ते) ३२ डीबी म्हणजे ४० पट, तेव्हा ॲम्पच्या इनपुटला १.५८ व्होल्ट, सुमारे +६ डीबीयू (सिग्नलचं व्होल्टेज मोजायचं एकक). हा आरएमएस लिमिटरचा आकडा झाला. कॅबिनेटमध्ये असे दोन स्पीकर समांतर असले तरी ६३ व्होल्टच राहतात. पण एईएसची चाचणी दोन तासांची असते, मिरवणूक त्याहून लांबते. मी बेससाठी आणखी ३ डीबी खाली, ४५ व्होल्टच्या आसपास ठेवतो. पीकसाठी शिखर ६३ च्या दुप्पट, १२६ व्होल्टपर्यंत चालतं. साइन टोन देऊन मीटरवर बघाल तर तेच ८९ दिसेल, कारण मीटर शिखर नाही, आरएमएस दाखवतो. दचकू नका.

वेळेचं म्हणाल, तर ३१ ते ६३ हर्ट्झपासून सुरू होणाऱ्या बेसला पीक लिमिटरचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) साधारण १६ मिलिसेकंद आणि रिलीज (सोडायला लागणारा वेळ) त्याच्या १६ पट देतात. एक-दोन किलोहर्ट्झपासून वरच्या टॉपला अर्धा मिलिसेकंद. आरएमएसचा हिशोब मात्र सेकंदांत.

प्रोसेसरची खरी दुखरी जागा म्हणजे ॲम्पचा गेन. कुठे २६ डीबी, कुठे ३२, तर कुठे ‘१.४ व्होल्टला फुल पॉवर’, ज्यात ॲम्प जितका मोठा तितका गेन जास्त. २६ वर लावलेला लिमिटर तसाच ठेवून ३२ चा भाड्याचा ॲम्प जोडला, की स्पीकरला चौपट पॉवर जाऊ शकते. ॲम्प ब्रिज केलात, म्हणजे त्याचे दोन चॅनल मिळून एक केलेत, तरी ६ डीबी वाढतात. म्हणून स्पीकर काढून, ॲम्पचे नॉब पूर्ण उघडून, ५० हर्ट्झचा टोन देऊन मल्टिमीटरने आउटपुट मोजा. नॉब अर्धे ठेवून मोजलं आणि नंतर कुणी ते फिरवले, तर सगळी मेहनत पाण्यात. मोजताना टर्मिनलला हात लावू नका, तिथे शंभर व्होल्ट असू शकतात.

डीएसपी असलेल्या ॲम्पमध्ये ही कटकट नाही. आकडा थेट आउटपुटच्या व्होल्टमध्ये भरायचा. पॉवरसॉफ्टच्या काही ॲम्पमध्ये करंटही मोजून खरी पॉवर धरली जाते, त्यामुळे तापून रोध वाढलेल्या कॉईलचा हिशोबही चुकत नाही. एल-अकूस्टिक्ससारख्या कंपन्यांचे तयार प्रीसेट (आधीच भरून ठेवलेली सेटिंग) उत्तम असतात, पण त्यांच्याच बॉक्ससाठी. तुमच्या प्लायच्या कॅबिनेटला ते लावून अंदाज बांधणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचणं.

तिन्हींपैकी काहीही घेतलं तरी बेसला हाय-पास, म्हणजे ठरावीक हर्ट्झखालचा आवाज कापणारा फिल्टर, लागतोच. पोर्ट, म्हणजे कॅबिनेटचं हवेचं भोक, ज्या हर्ट्झला ट्यून केलेलं असतं त्याखाली कोन मोकाट सुटतो, आणि लिमिटरच्या आत राहूनही फाटतो. बहुतेक १८ इंची कॅबिनेटना ३० ते ३५ हर्ट्झला २४ डीबीचा हाय-पास ठीक पडतो. आणि टॉप पॅसिव्ह असतील, म्हणजे आवाज वेगवेगळ्या ड्रायव्हरांत वाटणारा क्रॉसओव्हर डब्याच्या आतच असेल, तर लिमिटरला ड्रायव्हर वेगळा दिसतच नाही. तिथे आकडा जरा कंजूसपणेच ठेवा.

माझं मत: ॲम्प ठरलेले असतील आणि दर कार्यक्रमाला तेच रॅक जात असेल, तर पीक आणि आरएमएस वेगवेगळे देणारा प्रोसेसर घ्या. पैशाचा सगळ्यात जास्त मोबदला तिथेच आहे. ॲम्प भाड्याने बदलत असतील तर थोडं थांबून, निदान बेससाठी तरी डीएसपीवाला एक ॲम्प घ्या. दोन छोटे पॉवर्ड (आतच ॲम्प असलेले) स्पीकर घेऊन कीर्तन-भजनाची कामं करणाऱ्याला यातलं काहीच नको. त्यांचा लिमिटर कंपनीने आत बसवलेला असतो, फक्त लाल दिवा सतत पेटलेला राहू देऊ नका. आणि प्रोसेसरला पासवर्ड लावायची सोय असेल तर लावाच. रात्री दहाला आवाज बंद करायचा असतो, आणि साडेनऊला ‘दादा, अजून थोडं’ म्हणत कुणीतरी रॅकपाशी येतंच.