टीएनएफ-अल्फा घ्यायचं कुठलं: ई. कोलायमधलं की एचईके पेशींमधलं?

ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ असो की झुआरीनगरचं बिट्स, पेशींवर काम करणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यापुढे कधी ना कधी दोन कोटेशनं येतात. दोन्हींवर नाव एकच, रिकॉम्बिनंट ह्युमन टीएनएफ-अल्फा, म्हणजे शरीरात दाह पेटवणारं मानवी प्रथिन, पेशींत त्याचं जनुक घालून बनवलेलं. एक ई. कोलाय जीवाणूत बनवलेलं, दुसरं एचईके-२९३ या मानवी पेशींत. दुसरं बरंच महाग. मानवी प्रथिन मानवी पेशीतलंच चांगलं असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण टीएनएफपुरता मी जीवाणूच्या बाजूने आहे.

पेशीबाहेर सुटणारं मानवी टीएनएफ १५७ अमिनो आम्लांचं, सुमारे १७ किलोडाल्टनचं. असे तीन रेणू एकत्र आले की ते काम करतं. त्याला एन-ग्लायकोसिलेशन लागत नाही, म्हणजे साखरेच्या साखळ्या जोडता न येणं ही ई. कोलायची मोठी उणीव इथे आड येत नाही. प्रथिनाची घडी बांधून ठेवणारा डायसल्फाइड बंध एकच. वीस मिनिटांत दुप्पट होणाऱ्या जीवाणूकडून जे नीट मिळतं, त्यासाठी दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस घेणाऱ्या पेशी पोसायचे पैसे का मोजायचे?

खरी अडचण एंडोटॉक्सिनची. एंडोटॉक्सिन म्हणजे ई. कोलायच्या बाह्य आवरणातलं एलपीएस (लिपोपॉलिसॅकराइड). ते प्रथिनासोबत येतं आणि शुद्धीकरणानंतरही थोडं उरतं. टीएनएफ पेशीतलं एनएफ-कप्पा-बी, म्हणजे दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन, जागं करतं. एलपीएसही तेच करतं. समजा तुम्ही गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शेवाळाचा अर्क दाह कमी करतो का ते बघताय. पेशी एल९२९ (उंदराच्या) असतील आणि मोजायचं असेल पेशींचं मरण, तर या अंशाची फारशी काळजी नको. पेशी टीएचपी-१ (मोनोसाइटसारख्या मानवी पेशी) किंवा रक्तातल्या मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतील, तर मात्र त्या एलपीएसलाही जोरात प्रतिसाद देतात, आणि तुमचा अर्क नेमका कोणाला अडवतोय, टीएनएफला की एलपीएसला, हेच कळणार नाही. (अर्कातही समुद्री जीवाणूंचं एलपीएस असू शकतं, ते वेगळं तपासा.)

म्हणून डेटाशीटवर शुद्धतेच्या टक्क्यांआधी एंडोटॉक्सिनचा आकडा बघा. ९८ टक्के शुद्ध हे बहुधा जेलवरून ठरवलेलं असतं, आणि एलपीएस त्या प्रथिनाच्या जेलवर दिसत नाही. एक ईयू (एंडोटॉक्सिन युनिट) म्हणजे ढोबळमानाने १०० पिकोग्रॅम एलपीएस. मायक्रोग्रॅममागे १ ईयूचं प्रथिन मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम घातलं, तर एलपीएस पडतं साधारण १ पिकोग्रॅम. बहुतेक प्रयोगांत हे चालतं. डोस १०० नॅनोग्रॅमवर गेला की ते १० पिकोग्रॅम होतं आणि मोनोसाइटच्या बाबतीत धाकधूक सुरू होते. तिथे मायक्रोग्रॅममागे ०.१ ईयूपेक्षा कमीची हमी असलेला लॉट मागा. शिवाय थोडं प्रथिन उकळून तेच पेशींना द्या: उष्णतेने टीएनएफ निकामी होतं, एलपीएस बहुतांशी टिकतं. उकळलेल्यालाही पेशींनी तसाच प्रतिसाद दिला, तर तो टीएनएफचा नव्हे. एचईकेमधलं घेतलं तरी हा कंट्रोल सोडू नका, कारण एंडोटॉक्सिन पाण्यातून आणि काचेच्या भांड्यांतूनही येतं.

टीएनएफऐवजी एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक) हवं असेल तर माझा कौल उलटा. त्याच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग साखरेचा. ती नसली तर प्राण्याच्या रक्तातून ते झपाट्याने नाहीसं होतं. बरेच डायसल्फाइड बंध असलेली मोठी प्रथिनंही ई. कोलायमध्ये गोळा होऊन बसतात. ती विरघळवून पुन्हा घडी घालावी लागते, आणि ती घडी दर वेळी जमेलच असं नाही.

तिसरा पर्याय घरचा: जनुक असलेलं प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) मिळवा, ते बीएल२१ या ई. कोलायच्या वाणात घाला, प्रथिन बनवणं सुरू करायला आयपीटीजी हे रसायन द्या, आणि निकेल कॉलमवरून प्रथिन वेगळं काढा. क्रिस्टल किंवा अँटिबॉडीसाठी मिलिग्रॅम लागत असतील तर हेच परवडतं. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीचा कागद मात्र आधी करून घ्या. पेशींसाठी दहा मायक्रोग्रॅम हवे असताना हा खटाटोप करू नये. एंडोटॉक्सिन काढण्यातच सेमिस्टर जाईल.

गोव्यात मागवताना द्रव नको, लायोफिलाइज्ड (गोठवून वाळवलेली) पावडर घ्या. ड्राय आइसचं पार्सल वाटेत अडकलं तर द्रव प्रथिनाची खात्री उरत नाही. पावडर सहसा दोन-चार दिवस तग धरते. कॅरियर म्हणून, म्हणजे आधाराला, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घातलेलं घेतलं तर कमी मात्रेत ट्यूबला चिकटून वाया जाणं टळतं. लेबलिंग किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री करायची असेल तरच कॅरियर-फ्री.

जून ते सप्टेंबर आणखी एक पथ्य: फ्रीजरमधली व्हायल लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतली दमट वाफ थेट पावडरीवर बसते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा फिरवून उघडा, विरघळवा आणि एकेका प्रयोगापुरते भाग करून मायनस ऐंशीत ठेवा. ऑर्डर अशी टाका की पार्सल चवथीच्या सुटीत येणार नाही. त्या आठवड्यात ते उतरवून घ्यायला लॅबमध्ये कोणी नसतं.